भगरीनं पोट बिघडलं? भरपाई मागताना या चुका टाळा

उपासाचे दिवस आले की भगर खाऊन घरभर उलट्या, जुलाब, चक्कर झाल्याच्या बातम्या येतात. ओलसर जागी राहिलेल्या भगरीला किंवा तिच्या पिठाला बुरशी धरते आणि तिचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. दोष कोणाचा, हा प्रश्न नंतर येतो. बहुतेक दावे त्याआधीच, पहिल्या दिवशी घरातच बुडतात.

सर्वात महागात पडते ती पाकीट हातचं घालवण्याची चूक. एकतर घाबरून ते उकिरड्यावर जातं, नाहीतर कंपनीचा माणूस गोड बोलून घेऊन जातो. "पाकीट द्या भाऊ, तपासतो, दुसरा माल पाठवतो." देऊ नका. बॅच क्रमांक, तारखा, परवाना क्रमांक यांचे फोटो काढा, उरलेली भगर पाकिटासकट बंद करून ठेवा. त्याच बॅचचं न फोडलेलं पाकीट मिळालं तर उत्तम, कारण फोडलेल्या मालावर "तुमच्याच डब्यात खराब झाला" हे उत्तर ठरलेलं असतं. नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे धाडण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. स्वतः अन्न विश्लेषकाकडून तपासून घ्यायचं असेल, तर तसं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. ही अट कोणालाच ठाऊक नसते.

दुसरी चूक दवाखान्यात होते. सलाईन लावून घरी येतो, कागदावर नुसतं "पोटदुखी". काय खाल्लं, किती वाजता, आणखी कोणाला त्रास झाला, हे डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगा. शेवटी खाल्लेल्यावरच बोट ठेवू नका. काही जंतूंचं विष तासाभरात त्रास देतं, साल्मोनेला या जंतूला दोन-तीन दिवसही लागतात. एकाच पाकिटातलं खाल्लेले चौघे आजारी पडले आणि न खाल्लेली आजी ठणठणीत राहिली, हा पुरावा वकिलाच्या भाषणापेक्षा भारी.

सुटी भगर घेतली म्हणून हातावर हात ठेवून बसणं हीदेखील चूकच. उत्पादक कोण हे कळत नसेल, तर अन्न सुरक्षा कायद्यानं विक्रेताच जबाबदार ठरतो. बिल मात्र हवं. त्यावर विक्रेत्याचा 14 अंकी अन्न परवाना क्रमांक छापणं 2022 पासून सक्तीचं आहे.

पोलिसात किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे गेलो म्हणजे झालं, असंही नाही. तिथली तक्रार शिक्षेच्या वाटेनं जाते, भरपाईची वाट वेगळी आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 65 नुसार मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत, इतर इजेला 1 लाखापर्यंत भरपाई देता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचं, म्हणजे सदोष मालानं झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीचं, स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादनातला दोष सिद्ध झाला की "आम्ही काळजी घेतली होती" एवढ्यावर उत्पादकाची सुटका होईलच असं नाही. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. कंपनी गुजरातची असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे शिरपूरकराला धुळ्याच्या पुढं जायची गरज नाही. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

आणि किराणा दुकानदारांसाठी एक: घाऊक व्यापाऱ्याचं बिल जपून ठेवा. कायद्यात तेच त्याची लेखी हमी मानलं जातं. बिलाशिवाय गोणी उतरवून घेतली, तर बोट तुमच्याकडेच वळेल.