रोटोरुआला जाताय? चांदी आधी काढून ठेवा

न्यूझीलंडच्या रोटोरुआत गरम पाण्याचे झरे आणि उकळता चिखल बघताना हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदी काळी पडते. माझी जोडवी दोन दिवसांत काळीठिक्कर झाली, पैंजणांच्या कड्यांमध्ये तर काजळीच बसल्यासारखी दिसत होती.

गावात शिरण्याआधीच चांदी झिपच्या पिशवीत, हवा काढून घट्ट बंद करा. विसरलात, तर मोटेलवरच्या स्वयंपाकघरात हे करा:

१. खोलगट बशीत ॲल्युमिनियम फॉइल पसरा, चकाकती बाजू वर.
२. दागिने फॉइलला टेकतील असे ठेवा. हे महत्त्वाचं, नाहीतर काही होत नाही.
३. चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ, वर किटलीतलं उकळतं पाणी.
४. पाचेक मिनिटांनी धुऊन पुसा. सडक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका.

मोती, खडे किंवा मुद्दाम काळपट केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने यात घालू नका, खराब होतात.

पुढे वायटोमोच्या काजवेअळ्यांच्या गुहेत फोटो काढू देत नाहीत. बोटीत बसण्याआधीच मोबाईल पर्समध्ये टाका. डोळे अंधाराला सरावले की छतावरचे निळसर ठिपके कितीतरी जास्त दिसतात.