पत्रिका हाती घेतली की आधी काय बघायचं?

परभणीकडच्या एका मुलीची पत्रिका माझ्याकडे आली होती. जन्म १९९६ च्या संक्रांतीनंतरचा. सप्तमातला, म्हणजे विवाहाच्या सातव्या स्थानातला, शनी बघून दोन स्थळं परत गेलेली. तिच्याच पत्रिकेवरून वाचनाची रीत सांगतो.

आधी जन्मवेळ पक्की करा. आजीला विचारलं तर म्हणाली, "जेवणं उरकून भांडी घासाया बसलो होतो." घरच्या बाळंतपणाची वेळ आपल्याकडे अशीच सांगतात. खोदून खोदून विचारल्यावर रात्रीचे नऊ ठरले. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलतं, म्हणून ही चिकाटी हवीच. जन्मगावही बरोबर घाला. परभणीची स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे २३ मिनिटं मागे, मुंबईची ३९. मुंबईची लग्नसारणी, म्हणजे लग्न काढायचं कोष्टक, तशीच लावली तर राशीच्या काठावरचं लग्न चुकतं.

आता कुंडली. वरच्या मधल्या घरात ५ आकडा, म्हणजे सिंह लग्न. आकडा राशीचा असतो, स्थानाचा नव्हे. नवशिके इथंच फसतात. स्थानं तिथून डावीकडे मोजत जायची. १, ४, ७, १० ही केंद्रं आणि १, ५, ९ हे त्रिकोण. लग्नेश, म्हणजे लग्नराशीचा स्वामी, रवी सहाव्यात, मकरेत. सहावं रोग-शत्रूंचं स्थान, म्हणून ही दुबळी बाजू. पण पाचव्यात धनूचा गुरू, सातव्यात कुंभेचा शनी, दोघंही स्वराशीत, म्हणजे स्वतःच्या मालकीच्या राशीत. शनी सप्तमात दिग्बली, म्हणजे दिशेमुळे बळ मिळालेला, असतो, आणि स्वराशीचा होऊन केंद्रात आला की शश नावाचा शुभयोग होतो. सप्तमातला शनी विवाहाला उशीर सांगतो, हे खरं. पण एवढंच सांगून आईबापांना घाबरवणं मला मुळीच पटत नाही.

मग दृष्टी, म्हणजे ग्रह कोणत्या घरांवर नजर टाकतो ते. ग्रह बसलाय ते घर एक धरून मोजायचं. सातवी दृष्टी सगळ्यांना असते. मंगळाला चौथी-आठवी, गुरूला पाचवी-नववी, शनीला तिसरी-दहावी जास्तीची. पेन्सिलीनं रेघाच ओढा. गुरू बघतो ९, ११, १. शनी ९, १, ४. सहाव्यातला मंगळ ९, १२, १. तिघांच्याही रेघा लग्न (१) आणि भाग्य (९) या दोनच घरांत एकत्र येतात. इथं थांबा, पत्रिकेचं मर्म इथं आहे. मंगळ भाग्येश, म्हणजे नवव्याचा स्वामी; उच्चीचाही, म्हणजे त्याच्या सर्वांत बळाच्या राशीत; पण रवीजवळ अस्तंगत, म्हणजे त्याच्या तेजात झाकोळलेला. म्हणजे भाग्य आहे, मात्र कष्टानं उघडणारं. आणि लग्नावरची गुरूची दृष्टी पोरीला खचू देणार नाही. सप्तमावर गुरूची दृष्टी नाही, हेही मी आईला सांगितलं. लपवायचं नसतं. मंगळ १, ४, ७, ८, १२ यांपैकी कुठंच नाही, तेव्हा मंगळदोषाचा प्रश्नच नव्हता.

शेवटी महादशा, म्हणजे आयुष्याचे एकेका ग्रहाला वाटून दिलेले कालखंड. आजारपण, शाळा बदलणं, नोकरी लागणं अशा दोन-तीन घटनांची सालं विचारा आणि त्या वेळचा दशास्वामी कोणत्या स्थानांचा मालक आहे ते ताडून बघा. मेळ बसत नसेल तर पुन्हा आजीजवळ जाऊन बसायचं आणि वेळ नव्यानं विचारायची.