बेसाल्टला बेसाल्ट म्हणण्याआधी

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी आंबेनळी घाटातून नमुने आणले. रासायनिक पृथक्करणाचे आकडे आले, तक्त्यावर ठिपके मांडले, आणि एक ठिपका भलतीकडेच पडला. बाकी सगळे बेसाल्टच्या चौकटीत, हा एकटा ट्रॅकीबेसाल्टमध्ये. काहीतरी नवं सापडलं या आनंदात माझे दोन दिवस गेले.

हा तक्ता म्हणजे टीएएस, टोटल अल्कली-सिलिका. ज्वालामुखी खडकाचे कण इतके बारीक असतात की सूक्ष्मदर्शकाखालीही खनिजांचं प्रमाण धड मोजता येत नाही. काही खडक तर निव्वळ काच असतात. म्हणून नाव ठरवायचं ते रसायनावरून. आडव्या अक्षावर सिलिका, उभ्या अक्षावर सोडियम आणि पोटॅशियम यांच्या ऑक्साइडांची, म्हणजे अल्कलींची, बेरीज. सिलिका ४५ ते ५२ टक्के आणि ही बेरीज ५ च्या आत असेल तर बेसाल्ट, त्याहून जरा वर गेली तर ट्रॅकीबेसाल्ट. बेरीज कमीच राहून सिलिका ५७ पर्यंत गेली तर बेसाल्टिक अँडेसाइट, ६३ पर्यंत अँडेसाइट, त्यापुढे डेसाइट.

माझ्या नमुन्यात सिलिका ४६.५, सोडियम ऑक्साइड ४.९, पोटॅशियम ऑक्साइड ०.८. तापवल्यावर घटलेलं वजन, म्हणजे एलओआय, पाच टक्के. हे बहुतांशी पाणीच; ते वगळून बाकीच्या ऑक्साइडांची बेरीज शंभरावर आणली की सिलिका ४८.९ आणि अल्कली ६.० होते. गणित बरोबर होतं. मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं, "लाव्ह्याच्या प्रवाहाच्या कुठल्या भागातला दगड आहे हा?" माझ्या वहीत त्याची नोंदच नव्हती.

उरलेला तुकडा फोडून भिंगाखाली धरला. टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके, जागोजागी. जिओलाइट! लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून प्रवाहाच्या माथ्याला पोकळ्या राहतात, आणि पुढे त्या अशा खनिजांनी भरतात. त्यांत पाणी असतंच, काहींत सोडियमही भरपूर असतं. माझा ट्रॅकीबेसाल्ट त्या पोकळ्यांतून आला होता. परत जाऊन त्याच प्रवाहाच्या मधल्या घट्ट कातळातून नमुना घेतला, तेव्हा सोडियम ऑक्साइड २.३ आणि पोटॅशियम ऑक्साइड ०.३ निघालं. सरळ बेसाल्ट.

म्हणून नव्यांना माझं सांगणं आहे की हातोडा मारताना घाई करू नका. तांबूस, कुजलेली साल काढून आतला काळा, टणक गाभा घ्या. एलओआय दोन टक्क्यांच्या वर गेला की टीएएसवर भिस्त ठेवू नका. अशा वेळी टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम, इट्रियम ही सहसा जागा न सोडणारी मूलद्रव्यं कामाची. पूड कशात केली तेही लिहून ठेवा, कारण टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून कोबाल्ट आणि टँटलम नमुन्यात उतरतात. प्रत्येक खेपेला एखादा प्रमाणित खडक सोबत मोजून घ्या. मी हवाईचा बीएचव्हीओ-२ वापरते.

दख्खनवर काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. सह्याद्रीतले बहुतेक प्रवाह टीएएसच्या एकाच चौकटीत दाटीवाटीने बसतात, त्यामुळे बुशे आणि आंबेनळी हे लाव्ह्याच्या थरांचे स्तरसमूह नुसत्या नावावरून वेगळे काढता येत नाहीत. तिथे सूक्ष्म मूलद्रव्यं आणि स्ट्रॉन्शियमची समस्थानिकं लागतात. बुशेच्या लाव्ह्यात वर येताना भूकवचातला खडक बराच मिसळला, त्यामुळे त्यात बेरियम चढं दिसतं. आंबेनळीत ही भेसळ सर्वांत कमी. हा फरक पहिल्यांदा आलेखावर दिसला, तेव्हा घाटातला तोच काळा कातळ मला थराथरांनी दिसू लागला.

आता माझ्या प्रत्येक पिशवीवर क्रमांकाच्या आधी एक शब्द असतो: माथा, मध्य किंवा तळ.