रंग उडाला म्हणून पेढे वाटू नका

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला, पाण्यातला रंग घालवायला, मी प्लाझ्मा (विजेनं चमकणारा वायू) घेतला, त्याचं खरं कारण म्हणजे तो जांभळा उजेड दिसायला लई भारी होता. लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेतली मांडणी साधीच: भांड्यात मिथिल ऑरेंज या नारिंगी रंगाचं पाणी, वर दोन-तीन मिलिमीटर हवा, तिच्यावर काच, काचेमागं इलेक्ट्रोड आणि निऑन पाटीचा १५ किलोव्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. मध्ये काच असल्यानं एक जाड ठिणगी न पडता असंख्य बारीक ठिणग्या उठतात. त्यातून ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल असे जहाल पदार्थ तयार होतात आणि रंगाचा रेणू फोडतात.

पहिल्याच दिवशी पाणी फिकं व्हायचं सोडून लाल झालं! ४६४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण, म्हणजे रंग किती उरला याचं माप, मात्र उतरलेलं. मी खुशाल 'रंग गेला' असं वहीत लिहून मोकळा. सरांनी विचारलं, "पीएच किती होता रे?" मोजलाच नव्हता. हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल बनतं, आणि मिथिल ऑरेंज तर टायट्रेशनचा दर्शक, पीएच ३.१ च्या खाली गेला की तो लाल होणारच. रंग जागेवरच होता, शोषणाचं शिखर तेवढं ४६४ वरून सरकलं होतं. म्हणून नवख्यांनी आम्लानं असा न बदलणाऱ्या मिथिलीन ब्लूपासून सुरुवात करावी, ६६४ नॅनोमीटरवर. आणि एकच आकडा न घेता पूर्ण वर्णपट काढावा.

पुढचा दणका घरच्या बोअरच्या पाण्यानं दिला. डिस्टिल्ड पाण्यात झकास चाललेलं काम त्यात रेंगाळलं. आपल्याकडचं पाणी जड, बायकार्बोनेटनं भरलेलं. ते रंगाच्या आधी रॅडिकल गिळतं. खरं सांडपाणी तर याहून वाईट, सुती कापड रंगवताना मीठ-सोडा ओततात. प्रबंधात निदान एक तक्ता अशा पाण्याचा हवाच.

पाणी नितळ दिसलं तरी तुटलेले तुकडे त्यातच असतात, म्हणून सीओडी (पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते) बघा. पण उरलेला पेरॉक्साइडही त्या चाचणीतलं डायक्रोमेट हे रसायन खातो आणि सीओडी फुगलेला दिसतो. आधी कॅटालेज हे विकर (एन्झाइम) टाकून तो पेरॉक्साइड मोडा. माझा यात एक महिना गेला.

३० मिलिअँपिअर एवढा विजेचा प्रवाहही जीव घ्यायला पुरतो, तेव्हा रात्री एकट्यानं मशीन लावू नका. ओझोन श्वासात जाणं घातक, पण त्याचं मला सुरुवातीला काहीच वाटलं नाही. शेवटी प्रयोगशाळेतले मामाच वैतागले, "झेरॉक्सच्या दुकानावाणी वास मारायलाय," म्हणाले आणि माझं टेबल उचलून एक्झॉस्ट फॅनखाली नेऊन ठेवलं.