मिरचीचं बी उगवत नाही? आधी एक दाणा उकरून बघा

मे महिन्यातली गोष्ट. परभणीतल्या आमच्या गच्चीवर मी काळ्या ट्रेमध्ये मिरचीचं बी टाकलं, सकाळ-संध्याकाळ इमानदारीनं पाणी घातलं आणि तीन आठवडे वाट बघितली. एक कोंब वर आला नाही. बियाणांच्या दुकानदाराशी हुज्जतही घालून झाली. मग लातूरहून आलेल्या आत्यानं भर दुपारी ट्रेमध्ये बोट खुपसलं आणि चटका बसल्यासारखं बाहेर काढलं. म्हणाली, "लेकरा, मिरची लावलालास का बी शिजवलालास?"

मिरचीच्या बियाला २५ ते ३० अंश ऊब लागते. ही ऊब हवेची नाही, मातीची मोजायची. तेवढी मिळाली की साधारण आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. ३५ च्या पुढे उगवण घसरत जाते आणि १५ च्या खाली बी नुसतंच पडून राहतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. त्यात खाली तापलेला स्लॅब, वर काळं प्लास्टिक आणि छतावरच्या टाकीतलं दुपारचं पाणी, ज्यात हात धरवत नाही. थंडीत बरोबर उलटं होतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा कित्येकदा एक आकडी होतो. म्हणजे चांगलं बी आपण उन्हाळ्यात उकडतो, हिवाळ्यात गारठवतो आणि दोन्ही वेळा पाकिटाला शिव्या देतो.

आत्यानं उरलेलं बी दह्याच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि डबा घरात, रांजणाच्या घडवंचीजवळ ठेवला. तिथली ओलसर हवा घरातल्या बाकी जागेपेक्षा चांगलीच गार असते. आठव्या दिवशी पहिला कोंब वाकलेली मान घेऊन वर आला. थंडीत लावायचं असेल तर डबा फ्रीजच्या डोक्यावर किंवा देवघरातल्या दिव्याच्या आसपास ठेवा, पण रोज हात लावून बघा. माती कोमट लागली पाहिजे, गरम नाही. घाई नसेल तर मृगाचा पाऊस पडून हवा निवेपर्यंत थांबा. जून-जुलैत यातलं निम्मं काम निसर्गच करतो.

आता शीर्षकातली गोष्ट. दोन आठवडे झाले तरी काही दिसत नसेल तर पाणी वाढवू नका. काडीनं एक-दोन दाणे उकरा आणि बोटात दाबून बघा.

दाणा टणक आणि कोरडा असेल तर पाणी आतपर्यंत पोचलंच नाही. टणक पण ओला असेल तर बहुतेक ऊब कमी पडली आहे. जागा बदला आणि थांबा. दाबल्यावर पिचकला आणि घाण वास आला तर तो कुजला आहे, म्हणजे पाणी जास्त झालं किंवा उष्णता. मोड येऊन टोक तपकिरी पडलं असेल तर मधे एखादी दुपार वरची माती पूर्ण सुकली होती. मोड आलेलं बी एकदा वाळलं की पुन्हा जागं होत नाही. आणि दाणेच सापडत नसतील तर मुंग्यांची रांग शोधा. ट्रे पाण्याच्या परातीत विटेवर ठेवला की हा प्रश्न मिटतो.

मातीच्या बाबतीत मात्र मी जरा हट्टी आहे. कापसाला सोन्यासारखी असलेली आपली काळी माती मिरचीच्या बियाला नुसती वापरू नका. ओली असताना ती चिकट गोळा होते, हवा कोंडते. वाळली की वर पापडी धरते आणि दोऱ्याएवढा कोंब त्या पापडीखालीच मुरगळतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या. कोकोपीटची वीट भिजवून एक-दोनदा धुऊन पिळा, कारण त्यात कधी कधी क्षार असतात. ताजं शेण तर नकोच, मुरलेलं शेणखत चालेल. मिश्रणाची मूठ आवळली की गोळा व्हावा, पण बोटांच्या फटीतून धार लागू नये. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका. माझ्या शेजाऱ्यांनी शेंगदाण्यासारखं दोन बोटं खोल पेरलं होतं. बिचाऱ्या कोंबाची ताकद वाटेतच संपली.

पाणी झारीनं किंवा फवाऱ्यानं घाला. तांब्यानं ओतलं की बी एका कोपऱ्यात गोळा होतं. वर ओलं गोणपाट झाकायला हरकत नाही, पण पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ते काढा. एक-दोन दिवस उशीर झाला तरी रोपं पांढुरकी, लांबुडकी होऊन आडवी पडतात.

बी कुठून आणलं, हेही बघा. स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या वाळल्या मिरचीचं बी उगवतं, पण मिरची किती जुनी आणि किती तापवून वाळवलेली हे आपल्याला ठाऊक नसतं. धर्माबादच्या बाजारातून वर्षाची मिरची भरताना लालभडक, उन्हात वाळलेल्या चार मिरच्या बाजूला काढून ठेवा. बी करायचं तर मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, हिरव्या मिरचीतलं बी कच्चं असतं. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढची रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. पुसा ज्वालासारखा सुधारित वाण असेल तर बी धरता येतं, फक्त शेजारच्या कुंडीत ढोबळी मिरची नको, कारण मिरचीत परपरागीकरण, म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्याच्या फुलावर जाणं, बऱ्यापैकी होतं. शंका असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून झाकण सैल ठेवलेल्या डब्यात ठेवा. दोन आठवड्यांत निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर ते बी सोडून द्या.

पाकिटातलं बी रंगीत असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते भिजवत बसू नका, औषध धुऊन जातं. हात साबणानं धुवा आणि उरलेलं बी लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. साधं बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं की पुरे.

हौस म्हणून भूत जोलोकिया लावणाऱ्यांसाठी एवढंच, की तिला तीन-चार आठवडे किंवा त्याहूनही जास्त लागतात. दहाव्या दिवशी ट्रे उकिरड्यावर रिकामा करू नका.

उगवल्यावरचा घात म्हणजे मर. कालपर्यंत ताठ असलेलं रोप मातीलगत बारीक होतं आणि कोलमडतं. ओल आणि कोंडलेली हवा ही तिची आवडती जागा. पडलेली रोपं भोवतालच्या मातीसकट काढून टाका, दोन दिवस पाणी तोडा आणि ट्रे वाऱ्याला ठेवा. बी लावतानाच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळलं असेल तर ही वेळ कमी येते. बियाचं टरफल पानांवर टोपीसारखं अडकलं तर ओढू नका, मी ओढून मुंडकंच हातात घेतलं आहे. पाण्याचा थेंब ठेवा, टरफल नरम पडू द्या.

पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर होतं, तेव्हा कुंडीत हलवा. मात्र सावलीतून थेट गच्चीवरच्या उन्हात नको. पहिले दोन दिवस सकाळचा तासभर, मग दोन तास, असं आठवडाभर वाढवत न्या आणि कुंडीत लावायचं ते दिवस कलल्यावरच.