जुन्या डॉज चार्जरची उंची आणि ठेवण कशी जुळवावी

शेव्हेल किंवा मस्टँग पुढून खाली बसवायची म्हटलं की कॉइल स्प्रिंग काढणं आलं. ती कापा, नाहीतर बदला. १९६८ ते १९७० च्या डॉज चार्जरला पुढे कॉइल स्प्रिंगच नाही. क्रायस्लरने १९५७ च्या मॉडेलांपासून टॉर्शन बार वापरले, तेच इथेही आहेत. साधारण ४१ इंच लांबीची पोलादी सळई, पुढचं टोक चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्ममध्ये (हलणाऱ्या दांड्यात) आणि मागचं टोक पुढच्या सीटखालच्या क्रॉसमेंबरमध्ये, म्हणजे आडव्या तुळईत, अडकवलेलं. चाक वर उचललं गेलं की सळई पिळली जाते, आणि हा पीळच स्प्रिंगचं काम करतो. खालच्या आर्मच्या आतल्या टोकाशी, खालून दिसणारा एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडी वर येते, सैल केला की खाली जाते.

सोय इतकी हाताशी आहे की लोक मोजमाप न करताच पाना लावतात. माझं कळकळीचं सांगणं एकच: पहिला दिवस फक्त मोजण्यात घालवा.

आधी जमीन, मग गाडी

गॅरेजची फरशी सपाट दिसते, पण पाणी वाहून जावं म्हणून तिला बहुधा दरवाजाकडे उतार दिलेला असतो. डेट्रॉइटजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये मी गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली आणि चारही चाकांच्या जागा तपासल्या. डाव्या मागच्या चाकाची जागा तब्बल तीन सूत खाली निघाली. तिथे प्लायवुडचे तुकडे ठेवून पातळी साधली. सुताचं माप इथे मुद्दाम वापरतोय, कारण कारखान्याच्या सर्व्हिस मॅन्युअलने डाव्या-उजव्या बाजूंत जास्तीत जास्त १/८ इंचाचा, म्हणजे बरोबर एका सुताचा फरक चालवून घेतला आहे. जमीनच तीन सूत चुकत असेल तर पुढच्या सगळ्या मापांना अर्थ राहत नाही.

टाकी पूर्ण भरा. चारही टायरांत ठरलेली हवा भरा. डिकीत स्टेपनी आणि जॅक नेहमीच्या जागी ठेवा, बाकी अवजारं काढून टाका. गाडीत कोणी बसू नये. मग पुढचा बंपर मधोमध धरून पाच-सहा वेळा दाबा आणि दर वेळी एकाच टप्प्यावर सोडा. मागेही तेच करा. जुने बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी) आणि शॉकअप गाडीला कुठेतरी अडकवून ठेवतात. या दाबण्याने ती तिच्या खऱ्या उंचीवर येऊन बसते.

आता माप घ्या. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत. जमिनीपासून कडेपर्यंतचं माप टायरप्रमाणे बदलतं: २७ इंच व्यासाच्या जागी २८ इंची टायर आला की गाडी अर्धा इंच उचलली जाते आणि सस्पेन्शनमध्ये काहीच बदललेलं नसतं. मॅन्युअलची पद्धत वेगळी आहे. त्यात खालच्या आर्मवरचा बोल्टाजवळचा ठरलेला बिंदू आणि चाकाजवळच्या बॉल जॉइंटचा (गोल सांध्याचा) खालचा बिंदू, या दोन्हींची जमिनीपासूनची उंची घेऊन वजाबाकी करतात. आर्मचा कोन खरा कळायचा असेल तर तीच पद्धत वापरा, कारण पन्नास वर्षांच्या गाडीचे मडगार्ड एकदा तरी काढून बसवलेले असतात आणि दोन्ही बाजू क्वचितच जुळतात.

गाडी कलते ती पुढून की मागून?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय बोल्टाला हात लावू नका. मागचा उजवा पाटा (लीफ स्प्रिंग) दबला असेल तर पुढचा डावा कोपराही वर आलेला दिसतो, आणि माणूस पुढचा बोल्ट फिरवून मागचं दुखणं झाकतो. गाडी दिसते सरळ, पण वजन तिरपं विभागलं जातं आणि ब्रेक दाबल्यावर ती एका बाजूला ओढते.

तपासायचं असं: मागचा अॅक्सल दोन चाकांच्या बरोबर मधोमध जॅकवर घ्या, चाकं जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकाच उचला. बाजूला स्टँड लावून ठेवा, आणि या अवस्थेत गाडीखाली अजिबात जाऊ नका. मागचा भाग आता एकाच बिंदूवर टेकला आहे, त्यामुळे पाट्यांचा डावा-उजवा फरक पुढे पोहोचत नाही. पुढचं नाक दाबून सोडा आणि दोन्ही बाजू मोजा. फरक नाहीसा झाला तर दोष पाट्यांत. तसाच राहिला तर टॉर्शन बार किंवा बुशांत.

मागची उंची आधी

मागे लीफ स्प्रिंग, आपल्याकडच्या ट्रकला असतात तसेच पाटे. दबलेले पाटे कमान परत देऊन बसवता येतात, पण त्यांचं वय पाहता नवी जोडी घेणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. जुने उघडताना दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. हेमी (क्रायस्लरचं ताकदवान व्ही-८) इंजिनाच्या गाड्यांना डावीकडे सहा पूर्ण, तर उजवीकडे पाच पूर्ण आणि दोन अर्धे पाटे दिलेले होते, कारण जोरात निघताना मागचा अॅक्सल पिळला जातो. तो फरक दोष समजून ‘दुरुस्त’ करू नका.

खाली आणायचं असेल तर अॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा घालतात. एक इंची ठोकळा, एक इंच खाली. त्याहून उंच ठोकळे मी घालत नाही. ठोकळा जितका उंच तितकी अॅक्सलला पाटे पिळण्याची ताकद जास्त मिळते. वर उचलायला लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणाऱ्या पट्ट्या) मिळतात. शॅकल दोन इंच लांब असेल तर गाडी साधारण एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं फक्त मागचं टोक खाली ढकललं जातं. १९७० च्या दशकात रुंद टायर बसवण्यासाठी हवेचे शॉकअप लावून मागचा भाग आभाळाला भिडवायची हौस होती. ते लावू नका. शॉकअपच्या खुंट्या आणि त्यांचा पत्रा गाडीचं वजन पेलायला बनवलेला नाही, तिथे तडे जातात.

अॅक्सलला पाट्यांशी आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्या. आणि डिफरन्शियलच्या नाकाचा, म्हणजे अॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीला जिथे प्रॉपेलर शाफ्ट जोडतो त्या टोकाचा, कोन मोजा. कारण ठोकळा आणि शॅकल दोन्हींनी तो बदलू शकतो. बदलला असेल तर पाचरीने जुळवा, नाहीतर ठरावीक वेगाला प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो.

आता बोल्ट

गाडी जॅकवर घेऊन मजबूत स्टँडवर टेकवा, पुढची चाकं लोंबकळू द्या. बोल्टाचे आटे तारेच्या ब्रशने घासा, तेल पाजा आणि शक्य असेल तर रात्रभर तसंच राहू द्या. वजन असताना गंजलेला बोल्ट जोराने आवळला की आटे जातात. अर्धा-अर्धा फेरा द्या, डावा आणि उजवा आळीपाळीने. एका बाजूची उंची बदलली की दुसरी बाजूही थोडी हलते, म्हणून एक बाजू आधी पुरी करून मग दुसरीकडे वळणं फुकट जातं. खाली आणताना मी हव्या मापापेक्षा थोडं जास्त सैल करतो आणि शेवटचा पाव फेरा आवळून वर येतो, म्हणजे आट्यांत ढिलाई राहत नाही.

चाकं जमिनीवर टेकवली की लगेच मोजू नका. लोंबकळताना दोन्ही चाकं एकमेकांजवळ सरकलेली असतात आणि रबर जमिनीला चिकटून धरतं. गाडी दहा-बारा फूट पुढे-मागे ढकला. जागा नसेल तर प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल ठेवा, मध्ये ग्रीस. मग बंपर दाबून सोडा आणि मोजा.

किती खाली आणायचं? खालच्या आर्मच्या वर रबराचा ठोकर असतो. त्याच्या आणि आर्मच्या मधली जागा एक इंचाच्या खाली गेली की प्रत्येक खड्ड्यात गाडी धपकन बसते. याहून खाली हवी असेल तर जाड बार घ्या. ३८३ घनइंची इंजिनाच्या चार्जरला ०.८८ इंचाचे, हेमीला ०.९२ इंचाचे बार होते. पिळाचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून एवढ्याशा फरकाने बार सुमारे २० टक्के कडक होतो, आणि एक इंची बार ०.८८ पेक्षा सुमारे दोन तृतीयांशाने. डावा आणि उजवा बार वेगळे असतात, टोकावर खूण असते, त्यांची अदलाबदल करू नका. बार काढताना पकडीचे दात त्यावर लागू देऊ नका. ओरखड्यापासूनच तडा सुरू होतो.

बुश शेवटी आवळा

आमच्या गाडीचं हे काम एका वर्कशॉपने चाकं लोंबकळत असताना केलं होतं. रबरी बुश त्या स्थितीत घट्ट आवळला की गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो. पुढचा डावा कोपरा एक इंच वरच राहिला, आम्ही बोल्ट फिरवत बसलो, आणि काही महिन्यांत बुश फाटून नळीतून रबर बाहेर आलं. खालचा आर्म ज्यावर फिरतो तो पिव्हट नट आणि पाट्यांच्या डोळ्यांतले (टोकांच्या गोल भोकांतले) बोल्ट गाडी चाकांवर, पूर्ण वजनात, ठरलेल्या उंचीला असतानाच शेवटचे आवळायचे.

उंची बदलली म्हणजे अलाइनमेंट (चाकांचे कोन) बदललीच. टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं, तर नक्कीच. वरच्या आर्मच्या कॅम बोल्टांवर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) जुळवता येतात. त्या काळचे आकडे बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या जुन्या पद्धतीच्या) टायरांसाठी होते. रेडियल टायर असतील तर अलाइनमेंट करणाऱ्याला पॉझिटिव्ह कॅस्टर (अक्षाचं वरचं टोक मागे कललेलं), मिळेल तितका, दोन-तीन अंशांपर्यंत मागा. गाडी हायवेवर सरळ धावते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येतं.

साधारण दीडशे किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि चारही कोपरे पुन्हा मोजा. नवे पाटे या काळात थोडे बसतात. मगच हेडलाइटची दिशा लावा. नाक एक इंच खाली आलं तरी झोत बराच जवळ पडतो.