मुलांसोबत काम करणाऱ्या माणसाची पार्श्वभूमी कोकणात कशी तपासायची

जून आला की वाडीवाडीत तेच प्रश्न सुरू होतात. व्हॅनवर यंदा ड्रायव्हर कोण, नवा क्लास कोणाचा, वसतिगृहावर रात्री राहणार कोण. अशा वेळी व्हॉट्सअॅपवर हमखास एक लिंक फिरते: 'तुमच्या भागातले लैंगिक गुन्हेगार बघा.' ती बहुतेक अमेरिकेतली असते. तिकडे राज्यांच्या नोंदवह्या लोकांना खुल्या आहेत, त्यामुळे नावाने किंवा परिसराने शोध घेता येतो. देवगड किंवा गुहागरसाठी तिचा काही उपयोग नाही.

आपल्याकडेही लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी ती सुरू झाली आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) ती सांभाळतो. पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांनाच बघता येते. 'पैसे द्या, त्या यादीत नाव बघून देतो' असं कोणी म्हणालं तर तो तुम्हाला फसवतोय. पोलिसांच्या संकेतस्थळावरचे एफआयआर चाळूनही हाती काही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर संकेतस्थळावर टाकायला सांगितलं, पण लैंगिक गुन्हे आणि पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचे, गुन्हे त्यातून वगळले. हे गुन्हे संवेदनशील मानले जातात, हे त्यामागचं कारण. तेव्हा तिथे नाव दिसलं नाही यावरून काहीच ठरत नाही.

सामान्य माणसाच्या हातात दोनच गोष्टी उरतात: न्यायालयाची नोंद आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र.

न्यायालयाची नोंद

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे संकेतस्थळ किंवा त्याचं अॅप उघडा. 'केस स्टेटस'मध्ये जाऊन राज्य महाराष्ट्र, मग जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडा. पॉक्सोचे खटले सत्र न्यायालयाच्या पातळीवर चालतात, त्यामुळे तालुक्याच्या कनिष्ठ न्यायालयात शोधून थांबू नका. सिंधुदुर्गाचं जिल्हा न्यायालय ओरोसला आहे, रायगडचं अलिबागला. संकुलांची यादी पूर्ण खाली सरकवा आणि जिल्ह्यातलं प्रत्येक संकुल वेगळं तपासा, कारण एकात केलेला शोध दुसऱ्यात जात नाही.

'पार्टी नेम'मध्ये नावाची निदान तीन अक्षरं टाकावी लागतात आणि वर्षही द्यावं लागतं. म्हणजे दहा वर्षांचा शोध हा दहा वेळा केलेला शोध असतो. 'पेंडिंग' आणि 'डिस्पोज्ड' वेगवेगळे न बघता 'बोथ' निवडा. खरी अडचण पुढे येते. नावं रोमन लिपीत असतात आणि टाइप करणाऱ्याने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. 'गावडे' हे आडनाव घ्या. 'व'साठी डब्ल्यू किंवा व्ही, आणि 'व'नंतर ए आहे किंवा नाही: चार रूपं इथेच झाली. 'सावंत', 'तावडे', 'परब' यांचंही तसंच. म्हणून एका वेळी पूर्ण नाव टाकू नका. आधी फक्त आडनाव, मग फक्त पहिलं नाव, आणि निकालात वडिलांचं नाव जुळतं का ते बघा. एकाच गावात एकाच नावाची तीन माणसं असणं आपल्याकडे अगदी रोजचं आहे. वडिलांचं नाव, पोलीस ठाणं आणि वर्ष हे तिन्ही जुळल्याशिवाय 'हाच तो' असं मनातही म्हणू नका.

एक युक्ती फारशी कोणाला माहीत नसते. ताज्या गुन्ह्यात दोषारोपपत्र जायच्या आधी आरोपीचं नाव बऱ्याचदा जामीन अर्जात दिसतं, तेही अर्जदार म्हणून. त्यामुळे निकालात 'बेल अॅप्लिकेशन' दिसलं तर ते सोडून न देता उघडा. एफआयआर क्रमांक आणि पोलीस ठाणं त्यात मिळालं, की 'एफआयआर नंबर'च्या टॅबमधून मूळ खटला शोधता येतो.

केस उघडल्यावर कायद्याचा रकाना नीट वाचा. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यातली ४ आणि ६ ही कलमं सर्वांत गंभीर, ८ आणि १० ही स्पर्शाच्या गुन्ह्यांची, १२ हे लैंगिक छळाचं. त्याआधीच्या खटल्यांत भारतीय दंड संहितेची ३५४ आणि ३७६ ही कलमं दिसतील. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेची, विनयभंगाला ७४ आणि बलात्काराला ६४ पासून पुढची. मग निकाल बघा: शिक्षा झाली, निर्दोष सुटला की खटला चालू आहे. या तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. प्रत्येक खटल्याला स्वतंत्र असा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो, तो वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी थेट त्यानेच केस उघडते.

घाटाखाली रेंज तुटते, कॅप्चा भरेपर्यंत पान मरतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. असं होत असेल तर न्यायालयातल्या ई-सेवा केंद्रात जा, केसची स्थिती तिथे बघून मिळते.

शोध आपल्या जिल्ह्यापुरता ठेवू नका. कोकणातला माणूस मुंबईला जाऊन येतो, म्हणून मागच्या दहा वर्षांतले पत्ते विचारा आणि त्या त्या जिल्ह्यात शोधा. विरार-नालासोपाऱ्यात राहिलेल्याचा खटला वसईला असू शकतो, त्यासाठी ठाणे आणि पालघर ही दोन्ही नावं उघडून बघा. बागेतला राखणदार नेपाळचा असेल तर तिकडची नोंद या संकेतस्थळावर मुळीच मिळणार नाही. पण म्हणून बाहेरच्यावर संशय आणि गाववाल्याला सूट असं करू नका. मुलांवरच्या अत्याचारात आरोपी बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो.

शोध कोरा आला तरी त्याला चारित्र्याचा दाखला समजू नका. काही प्रकरणांत नाव किंवा निकालपत्र दिसत नाही, जुन्या नोंदी संगणकावर आलेल्याच नसतात, आणि गुन्हा घडला तेव्हा आरोपी अल्पवयीन असेल तर ती नोंद कायद्यानेच गोपनीय राहते.

पोलिसांचं प्रमाणपत्र

म्हणून आमचा जास्त भर यावर आहे. पॉक्सो नियम २०२० मधल्या नियम ३ प्रमाणे शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी अशा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची आहे, तीही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. कर्मचारी कायम असो की कंत्राटी, शिक्षक असो की शिपाई. पालक म्हणून मुख्याध्यापकांना लेखी विचारा: व्हॅनवाल्यासकट कोणाकोणाची पडताळणी झाली, कोणत्या तारखेला? तोंडी 'झालीय हो' यावर समाधान मानू नका. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीत हा विषय घ्यायला लावा.

अर्ज त्या माणसाने स्वतः ऑनलाइन करायचा असतो, तुम्ही त्याच्या नावाने करू शकत नाही. खाजगी क्लास किंवा घरच्या शिकवणीवाल्याकडून मागायला संकोच वाटतो खरा, पण 'सगळ्यांकडून घेतो' म्हटलं की विषय सोपा होतो, आणि मग खरंच सगळ्यांकडून घ्या. कागद हातात आल्यावर फोटो, पूर्ण नाव, पत्ता, तारीख आणि अर्ज क्रमांक बघा. झेरॉक्सवर भागवू नका. लॅमिनेट केलेलं चार वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र त्या दिवसापुरतंच खरं होतं. पडताळणी अर्जातल्या पत्त्यावर होते, त्यामुळे मागचे पत्ते त्याने लपवले असतील तर कागद स्वच्छच येईल. ट्रॉलरवरच्या खलाशाचं ओळखपत्र पडताळणीच्या जागी चालत नाही, त्यावरून माणसाची फक्त ओळख पटते.

गावात पोलीस पाटलांशी शांतपणे बोला. गावात कोण कधी आलं, कोणाबद्दल आधी तक्रार झाली होती, हे त्यांना कोणत्याही पोर्टलपेक्षा आधी ठाऊक असतं.

काही सापडलं तर

ग्रुपवर टाकू नका. दहा घरांच्या वाडीत आरोपीचं नाव आणि नातं सांगितलं की मूल कोणतं हे दुसऱ्या मिनिटाला सगळ्यांना कळतं. पीडित मुलाची ओळख उघड करणं पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे, आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागतं, ज्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नावात चूक झाली तर बदनामीचा दावा वेगळाच. केस क्रमांक लिहिलेला कागद घेऊन मुख्याध्यापक किंवा संस्थाचालकांकडे जा, अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यांनी दाद दिली नाही तर तोच अर्ज पोलीस ठाण्यात द्या.

आणि मूल स्वतः काही सांगत असेल तर आधी शोध घेत बसू नका. त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नका, त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि लगेच १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) ला फोन करा. गुन्हा झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच पॉक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा ठरतो. शेजारी, शिक्षक, नातेवाईक, कोणीही मोठा माणूस त्यातून सुटत नाही.